सोमवारपासून बसवा

"श्वास आत घ्या. धरा... धरा... आणि आता सगळी चिंता बाहेर सोडून द्या!"

कँटीनमध्ये आम्ही साठेक बायका निळे ॲप्रन घालून उभ्या होतो आणि कोटातला एक माणूस कॉलरला माइक लावून आम्हाला श्वास घ्यायला शिकवत होता. खास पुण्याहून आणलेला. दोन हजार नऊचा फेब्रुवारी होता. सातपूरच्या आमच्या कंपनीत मोटरसायकलींना लागणाऱ्या कॉइल बनायच्या आणि मोटरसायकली कोणी घेतच नव्हतं. आधी ओव्हरटाइम गेला, मग शुक्रवारचा गोड पदार्थ गेला, मग दुपारचा चहा अर्धा कप झाला. डिसेंबरात प्रेस शॉपमधल्या अकरा जणांना बसवलं. 'काढलं' असं त्या दिवसांत आमच्याकडे कोणी म्हणत नसे, अपशकुन वाटायचा. 'बसवलं' म्हणायचे, म्हणजे घरी बसवलं. आणि एवढं सगळं करून झाल्यावर मॅनेजमेंटच्या लक्षात आलं की बायका फार काळजी करतात, त्यांना जरा आनंदात राहायला शिकवलं पाहिजे.

"हात वर! म्हणा, मी आनंदी आहे!"

"मी आनंदी आहे," साठ बायका म्हणाल्या. मयताला आल्यासारखा आवाज होता.

मी हात वर केलाच नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. कारण अर्ध्या तासापूर्वी मी गेटपासवर सही घ्यायला ऑफिसात गेले होते. मुलीची बारावीची परीक्षा तोंडावर होती, तिच्या कॉलेजात जायचं होतं. आमचे सुपरवायझर ढिकले, त्यांच्या केबिनचं दार अर्धवट उघडं होतं आणि आत फॅक्टरी मॅनेजर कर्णिक साहेब बोलत होते. मागे कॉम्प्रेसर घरघरत होता, त्यात पहिलं बोलणं बुडालं. मग कॉम्प्रेसर थांबला आणि स्वच्छ ऐकू आलं.

"गायधनीला सोमवारपासून बसवा. लांबवू नका. आणि आत्ताच कोणाला बोलू नका, बाकीच्या बोंब मारतील."

"बरं साहेब," ढिकले म्हणाले.

गायधनी म्हणजे मी. निर्मला गायधनी. वाइंडिंग खात्यात, म्हणजे कॉइलवर तार गुंडाळायच्या खात्यात, दुसरी गायधनी नव्हती. मी सही न घेताच परत फिरले.

दिवाळीपासून माझं एक वेड चाललं होतं. घरून निघताना गॅस बंद आहे का ते तीनदा बघायचे आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन चौथ्यांदा बघायला परत यायचे. कारण साधं होतं. नवरा ज्या लेथ शॉपमध्ये होता ते दिवाळीतच बंद पडलं होतं. तेव्हापासून ते घरी बसून खिळे आणि स्क्रू आकाराप्रमाणे वेगवेगळ्या बरण्यांत भरत होते. आमच्या घरात एवढे खिळे होते हे मला लग्नाला वीस वर्षं झाल्यावर कळलं. त्यांना काही बोलायची सोय नव्हती. घरात येणारा एकच पगार उरला होता, माझा. आणि आता तोही सोमवारपासून बसणार होता.

"आता एक मजा करू या," कोटवाला म्हणाला. "प्रत्येकीला एक चिठ्ठी मिळेल. तुम्हाला सगळ्यात जास्त कसली भीती वाटते ते त्यावर लिहा. नाव लिहू नका. मग चिठ्ठी चुरगाळा आणि या डब्यात फेकून द्या. भीती गेली!"

डबा म्हणजे कँटीनचा खरकट्याचाच डबा होता. धुऊन आणला होता, एवढंच.

शेजारी शकू होती. शकुंतला बोरस्ते. वाइंडिंगला माझं मशीन सात नंबर आणि तिचं आठ. सोळा वर्षं आम्ही दोघी शेजारी. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, पण अरे-तुरेचं नातं. नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, घरी सासू आणि नर्सिंगला शिकणारी मुलगी. तिनं चिठ्ठी माझ्या हातात कोंबली.

"निमे, माझी पण तूच लिही."

ते तर होतंच. शकूला दिसत नव्हतं. म्हणजे चालता-फिरता यायचं, माणूस ओळखता यायचा, पण बारीक काही दिसायचं नाही. साखरेनं डोळ्यांचं वाटोळं केलं होतं. आमची तार केसाएवढी बारीक, तांब्याची. तार तुटली किंवा रीळ संपलं की नव्या तारेचं टोक सुईएवढ्या भोकातून ओवावं लागायचं. बाकी सगळं काम शकूची बोटं करायची आणि माझ्यापेक्षा चांगलं करायची. तार तुटायच्या आधीच तिला हाताला कळायचं. फक्त ते ओवणं जमायचं नाही. मग मी माझ्या जागेवरून डावा हात लांब करायचे आणि ओवून द्यायचे. दीड वर्ष हे चाललं होतं आणि कोणाला पत्ता नव्हता. ढिकले दिवसातून दहा चकरा मारायचे, पण सात-आठ नंबरपाशी आले की त्यांची मान वर छताच्या पंख्यांकडे. या माणसाला पंख्यांचं कसलं वेड आहे म्हणून आम्ही हसायचो. सुपरवायझर झाला आणि नाकासमोरचं दिसत नाही.

"काय लिहू?" मी विचारलं. माझी स्वतःची चिठ्ठी कोरी होती.

"लिही, निमीला दुसऱ्या शिफ्टला टाकू नये."

"ही भीती आहे होय?"

"मग? मला दुसरी कसली असणार?" ती हसली. "तू हललीस की मी गेले."

मी लिहिलं. आमच्या दोघींच्या चिठ्ठ्या चुरगाळून डब्यात टाकल्या. कोटवाल्यानं टाळ्या वाजवायला लावल्या. जाताना दारात प्रत्येकीला हसऱ्या चेहऱ्याचं एक पिवळं स्टिकर मिळालं, मशिनवर चिकटवायला.

ते स्टिकर हातात धरूनच मी ढिकलेंच्या केबिनमध्ये घुसले. आत कर्णिक साहेबही होते हे मी पाहिलं आणि तरीही थांबले नाही. उलट बरंच वाटलं. एकदाच काय ते तोंडावर होऊन जाऊ दे.

"साहेब, मला सोमवारपासून बसवणार आहात ना?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"कोणी सांगितलं तुम्हाला?" कर्णिक म्हणाले.

"कोणी का सांगेना. खरं की खोटं?"

"खरं आहे. पण यात एवढं—"

"एवढं काय? सोळा वर्षं झाली मला! माझी एक कॉइल तरी परत आली? एक तरी खाडा? सासरे वारले तेव्हा तिसऱ्या दिवशी कामावर होते मी!" माझा आवाज चढला होता आणि मला तो खाली आणता येत नव्हता. "बसवायचंच असेल तर जिला दिसत नाही तिला बसवा ना! त्या बोरस्तेला बसवा! दीड वर्ष तिची तार मी ओवतेय. स्वतःचं काम सोडून. आणि बसवताय मला?"

बोलले. ढिकल्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ढिकले, हे काय आहे?" कर्णिकांनी विचारलं.

"मला... कल्पना नाही साहेब."

"दीड वर्ष तुमच्या लाइनवर हे चाललंय आणि तुम्हाला कल्पना नाही? उद्या डॉक्टर येतात ना, बोरस्तेंचे डोळे तपासून घ्या. मला रिपोर्ट पाहिजे." मग ते माझ्याकडे वळले. राग नव्हता चेहऱ्यावर, कोडं पडल्यासारखा भाव होता. "आणि गायधनी, तुम्ही एवढ्या का चिडलात तेच मला समजत नाही. नवं मशीन येतंय, ऑटोमॅटिक. तुमचा हात चांगला आहे म्हणून त्यावर तुम्हाला बसवतोय. तुम्हाला काय वाटलं?"

सोळा वर्षांपूर्वी याच कंपनीत मला सात नंबरवर बसवलं होतं. शकूला आठवर बसवलं होतं. नवी मुलगी आली की ढिकले विचारायचे, हिला कुठं बसवू? सोळा वर्षं हाच शब्द, याच अर्थानं, रोज कानावर पडत होता. पण त्या हिवाळ्यानं त्याचा दुसरा अर्थ आमच्या डोक्यात असा काही घट्ट केला होता की पहिला आठवलासुद्धा नाही. मी काय बोलले आठवत नाही. बहुतेक 'बरं' म्हणाले.

ढिकले माझ्या मागोमाग पॅसेजमध्ये आले. मी वाट पाहत होते की हा माणूस आता ओरडेल. ते हळू आवाजात म्हणाले, "मला माहीत होतं, बाई."

"काय?"

"तुम्ही तार ओवता ते. पहिल्या महिन्यापासून." त्यांनी चष्मा पुसायला घेतला. "म्हणून तर वर बघत जायचो. बघितलं असतं तर लिहावं लागलं असतं. चांगलं चाललं होतं की हो."

"मग आता काहीतरी करा ना! मी रागाच्या भरात खोटं बोलले म्हणून सांगा. मी सांगते वाटलं तर."

"आता साहेबांच्या कानावर गेलं. डोळे तपासल्यावर तुमचं खोटं कोण मानणार आहे?"

तरी मी गेले कर्णिकांकडे. रागात बोलले, तसं काही नाही, असं म्हणून बघितलं. ते म्हणाले, "मग चांगलंच आहे. तपासणीत कळेल."

संध्याकाळी सुटताना शकूनं मला गेटपाशी गाठलं. तिला निरोप मिळाला होता.

"निमे, उद्या माझे डोळे तपासणारेत. एकटीचेच. कोणी चुगली केली असेल गं?"

"सगळ्यांचेच तपासत असतील. एकेकीला बोलवतील," मी म्हणाले.

"नाही गं. ढिकलेंचं तोंड बघितलंस का? सुतक असल्यासारखं केलं होतं." ती थांबली. "आता काय करू मी?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. मला वाटलं, आधी हे निस्तरू या, मग सांगू. निस्तरून झालं तर सांगायची गरजही पडणार नाही, हेही मनात होतंच, ते का लपवू?

शनिवारी सकाळी मी बोट कापल्याचं निमित्त करून प्रथमोपचाराच्या खोलीत गेले. कापलं होतं खरंच, मीच कापलं होतं. समोरच्या भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता टांगलेला होता, मराठी अक्षरांचा. पट्टी बांधून होईपर्यंत मी तो घोकला आणि बाहेर येऊन पट्टीच्या वेष्टनावर लिहून काढला. मग टॉयलेटच्या मागे, जिथं आम्ही डबे धुवायचो, तिथं शकूला उभं केलं.

"पहिली ओळ, एकच अक्षर. ग. दुसरी, र आणि म. तिसरी, ल, ट, प. म्हण."

"ग. र, म. ल, ट, प," शकू म्हणाली. "शाळेत असताना एवढं पाठ केलं असतं तर मॅट्रिक झाले असते."

"हसू नको. चौथी, न, क, ब, ध."

"न, क, ब, ध. पाचवी?"

"पाचवी नको. पाचवी मलाच नीट दिसली नाही. तेवढी चुकलेली बरी, खरं वाटेल."

तिला आठ मिनिटांत सगळं पाठ झालं. दोन्ही डोळ्यांनी, उलटं, सुलटं, मध्येच कुठूनही विचारलं तरी यायचं. आम्हाला दोघींना चक्क हुरूप आला. दिवाळीपासून पहिल्यांदाच मी मोकळी हसले. तिनं माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तू नसतीस तर काय झालं असतं गं माझं?" मी खाली बघत राहिले.

तीन वाजता तिला आत बोलावलं. मी दाराबाहेरच्या बाकावर बसले. डॉक्टर तरुण होते, बोलायला गोड. आत काय चाललंय ते ऐकू येत होतं. वय विचारलं, साखरेच्या गोळ्या कोणत्या घेता ते विचारलं.

"शिक्षण किती, मावशी?"

"चौथी."

"बरं बरं. मग थांबा हं, तुम्हाला सोपं करून देतो."

काहीतरी सरकल्याचा, पुठ्ठा भिंतीवर आपटल्याचा आवाज आला. माझ्या लक्षात आलं नाही. खरं सांगायचं तर क्षणभर आलं, पण मी ते मानलं नाही.

"उजवा डोळा झाका. हं, वरून वाचा."

"ग," शकू खणखणीत आवाजात म्हणाली. "र, म. ल, ट, प. न, क, ब, ध. पुढचं जरा पुसट दिसतंय, साहेब."

बऱ्याच वेळानं डॉक्टरांचा आवाज आला. तो माणूस ओशाळला होता.

"मावशी, मी तक्ता उलटा केलाय. हे आकडे आहेत."

शकू बाहेर आली तेव्हा मी उभी राहिले. ती माझ्याशेजारी बाकावर बसली, मग मीही बसले. समोरून पॅकिंगच्या दोघी-तिघी गेल्या. त्या लांब गेल्यावर तिनं विचारलं.

"आकडे होते?"

"सकाळी अक्षरंच होती. देवाशपथ. चौथी म्हणालीस म्हणून त्यांनी—"

"आकडेही मला येतात," ती म्हणाली. "म्हणजे, दिसले असते तर आले असते."

मग तिनं मान माझ्याकडे वळवली. माझं तोंड तिला कितपत दिसत होतं कोण जाणे.

"सांगितलं कोणी, निमे?"

"मी."

मी सगळं सांगितलं. कॉम्प्रेसर थांबला ते, कर्णिकांचं बोलणं, माझा झालेला समज, मी केबिनमध्ये काय काय ओरडले ते शब्दन् शब्द. रडू येत होतं, पण रडले नाही. रडले असते तर तिलाच माझी समजूत काढावी लागली असती आणि तिनं ती काढलीही असती. त्या गोष्टीची मला फार लाज वाटली.

"आणि तुला खरंच काढणार होते असं धरून चालू," शेवटी ती म्हणाली. "तरी माझं नाव घेतलं असतंस?"

याचं उत्तर मला आजही देता येत नाही. आता शांत डोक्यानं विचार केला की वाटतं, नसतं घेतलं. पण घेतलं तेव्हा मला खरंच काढणार आहेत असंच धरून मी चालले होते. मग उत्तर तेच की. मी गप्प बसले आणि तिला काय ते कळलं.

ती उठली. पायरीपाशी रोजच्यासारखा मी तिच्या कोपराला हात लावला, कारण त्या पायऱ्या तिला दिसायच्या नाहीत. तिनं माझा हात अलगद बाजूला केला.

"राहू द्या," ती म्हणाली. "जाईन मी."

आणि गेली. एकेक पायरी पावलानं चाचपत उतरली.

सोमवारी ढिकल्यांकडून कळलं की त्यांनी तिच्यासाठी पॅकिंगची जागा जवळजवळ नक्की करून ठेवली होती. नजर कमी आहे म्हटल्यावर कर्णिकही तयार झाले होते. पण बाई तक्ता पाठ करून आली, कंपनीला फसवायला निघाली, हे ऐकून ते भडकले आणि तिला घरी बसवलं. म्हणजे मी तिला एकदा बुडवलं ते रागानं आणि दुसऱ्यांदा मदत करून. सोमवारी मला नव्या मशिनवर बसवलं. त्यात तार आपोआप ओवली जायची. डोळ्यांचं कामच नव्हतं.

मंदी उन्हाळ्यानंतर ओसरली. मोटरसायकली पुन्हा खपायला लागल्या, शुक्रवारचं गोड परत आलं, नवऱ्याचं लेथ शॉपही उघडलं. मी निवृत्त होईपर्यंत कंपनीत होते. शकूला कोणी परत बोलावलं नाही. तिनं वाटही पाहिली नाही. मेमध्येच श्रमिकनगरच्या कोपऱ्यावर भाकरीची चूल मांडली. पिठाचा अंदाज, पाण्याचा अंदाज, तव्यावरची भाकरी उलटायची वेळ, सगळं तिच्या हातांना कळतं. आता तिथं पत्र्याचं शेड आहे, हाताखाली दोन बायका आहेत, संध्याकाळी कामगारांची रांग लागते. मुलगी सिव्हिल हॉस्पिटलात नर्स आहे.

ती माझ्याशी भांडली नाही कधी. कोणाजवळ माझं वाईटही बोलली नाही, बोलली असती तर माझ्या कानावर आलं असतं. माझ्या मुलीच्या लग्नाला आली, आहेर केला, जेवली. रांगेतल्या प्रत्येकाला ती अरे-तुरे करते. टेम्पोवाल्याला, पोलिसाला, एवढंच काय, निवृत्त झालेल्या ढिकल्यांनाही 'काय रे ढिकल्या, मीठ कमी खा' म्हणते आणि ते हसत हसत भाकरी घेऊन जातात. आठवड्यातून दोनदा मीही जाते. घरी भाकरी करता येत नाही असं नाही. जाते, आणि रांगेत उभी राहते. मी तोंडातून शब्द काढायच्या आधीच तिला कळतं, पावलांवरून कळत असेल.

"गायधनी बाई, तुम्ही पुढं या," ती म्हणते. "तुम्हाला उशीर होत असेल."